मावळतीनंतर मी दिसत नाही

मी एक जुना काळा रंग आहे. डबीतला नव्हे, काजळातलाही नव्हे. मी मोबाईलच्या ॲपमधला रंग आहे. मला बोलवायचे असेल तर सहा शून्ये ओळीने लिहितात. तांबडा नाही, हिरवा नाही, निळा नाही, काहीच नाही, म्हणजे मी. पांढरा रंग उमटवायला पडद्यावरचे सगळे बारीक दिवे पेटवावे लागतात. मला काही लागत नाही. तेवढ्या जागेचे दिवे विझवले की मी झालो.

मित्रांनो, मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी बहुधा सगळ्यांना माफ करतात. फाटकी छत्री माफ करते, मोडकी खुर्ची माफ करते. माझे तसे नाही. मी अजून कोणाला माफ केलेले नाही, आणि का केले नाही ते तुम्हीच ऐका.

माझा जन्म मेदोवा रेबर या गावासाठी झाला. स्लोव्हेनियातल्या त्या गावात डोंगराच्या उतारावर सफरचंदाच्या बागा आहेत आणि उताराच्या पायथ्याशी मधपेट्यांची लाकडी घरे. वरच्या बागेचा मालक त्सिरिल. खालचे सर्वांत मोठे पेटीघर मधपाळ मंडळाचे, पण त्याची किल्ली रोझालिया मावशीकडे. तिचा नवरा वारल्यापासून तीच ते सांभाळत आली. पेट्यांच्या पुढच्या फळ्या तिने स्वतः रंगवल्या होत्या, एक निळी, एक पिवळी, एक पांढरी, म्हणजे माशीला परतताना आपले घर चुकू नये.

बागेवर औषध फवारायचे असले की बागवाला आदल्या दिवशी लिंडनच्या झाडाखालच्या पाटीवर कागद टाचायचा. मधपाळ तो वाचायचे. संध्याकाळी माश्या घरी आल्या की पेट्यांची दारे लावून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी औषध सुकल्यावर उघडायचे. फवारणी रद्द झाली तर बागवाला तोच कागद उलटा करून पुन्हा टाचायचा, कोरी बाजू वर. कागद काढून टाकायची पद्धत नव्हती. कारण साधे होते. कागद वाराही उडवून नेतो. पण उलटा करून चारी कोपऱ्यांना टाचण्या लावणे वाऱ्याला जमत नाही. ते माणसाचेच काम. म्हणून त्या गावात कोऱ्या कागदावर लिहिलेल्या कागदापेक्षा जास्त विश्वास. कोरा म्हणजे रद्द. लहान पोरांनाही हे माहीत.

मग त्याशा आली. ती याच गावची, एका मधपाळाची मुलगी, राजधानीत, ल्युब्ल्यानात, ॲप बनवण्याची नोकरी करणारी. मंडळासाठी तिने फुकट ॲप बनवून दिले. मंडळाचे अध्यक्ष अल्बिन, निवृत्त पोस्टमास्तर, तिला म्हणाले, "पोरी, आपली पाटी काय वाईट होती?"

"वाईट काही नाही, अल्बिनकाका. तीच पाटी आता तुमच्या खिशात, एवढंच. कार्ड उघडायचं आणि कागदासारखं वाचायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. गावाने ते फार नीट लक्षात ठेवले.

पडद्यावर दोन गोष्टी असतात, अक्षर आणि त्याच्या मागची जमीन. साडीची जमीन म्हणतात ना, तशी. त्याशाने सूचनेच्या कार्डाची जमीन फोनच्या मर्जीवर सोडली. तेव्हा सगळ्या फोनांची मर्जी पांढरीच होती. आणि अक्षरासाठी मला घेतले. बाकीचे रंग तिने एका ठिकाणी गोळा करून ठेवले होते, केव्हाही बदलता यावेत म्हणून. मला मात्र तिने सूचनेच्या ओळीतच पक्के ठोकले. स्वतःशीच म्हणाली, "ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ही काळीच राहणार, हिला कोणी हात लावायचा नाही."

मला केवढा अभिमान वाटला होता! सर्वांत महत्त्वाची म्हणून मी पक्का. पुढे जे घडले ते याच प्रेमामुळे घडले. निष्काळजीपणाने ठोकलेला खिळा निदान सैल तरी राहतो.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. पांढऱ्यावर काळा, उजेडाचे प्रमाण एकवीसास एक. याहून अधिक फरक पडद्यावर दोन रंगांत असूच शकत नाही. भर उन्हात रोझालिया मावशी हात लांब करून फोन धरायची आणि शेजारणीला दाखवायची, "बघ, कसं ठसठशीत दिसतंय! चष्मा लागतोय का? नाही लागत." त्सिरिलने सूचना टाकली की खाली दारे लागायची; रद्द केली तर तो ओळी पुसून कार्ड कोरे ठेवायचा, उलट्या कागदासारखे. माश्या सुखरूप राहायच्या. कोणी माझे नाव घेत नव्हते आणि मला ते हवेही नव्हते. अक्षर वाचले जाते तेव्हा रंगाकडे कोणी पाहत नाही, हीच रंगाची पावती.

नंतर फोनांना डार्क मोड आला. सूर्य मावळला की पडदा आपोआप काळोखा होणार, उगवला की पुन्हा उजळ. बहुतेकांनी तो चालू करून घेतला. आमचे ॲप तेवढे पांढरेफटक राहिले. अल्बिननी त्याशाला फोन केला. "अगं, संध्याकाळी तुझं ॲप उघडलं की तोंडावर मोटारीचा दिवा मारल्यासारखं होतं. त्याला पण काळा पोशाख शिव की!"

त्याशाने शिवला. गोळा करून ठेवलेल्या प्रत्येक रंगाला तिने दोन पोशाख दिले, दिवसाचा आणि काळोखाचा. हिरवा संध्याकाळी फिकट झाला, मधाचा पिवळा जरा मवाळ झाला, बोधचिन्हातल्या माशीच्या काळ्या पट्ट्यांना पांढरी किनार आली. माशीच्या चित्राची सुद्धा काळजी घेतली गेली. मी त्या गोळा केलेल्यांत नव्हतो. मी माझ्या ओळीत ठोकलेला होतो, आणि तिला मी आठवलो नाही. तिने फोनला कळवून टाकले: आम्ही तयार आहोत, आता आमची जमीनही संध्याकाळी काळोखी करत जा.

डिसेंबरात, मधपाळांच्या संताच्या सणाला, सभागृहात हे नवे रूप दाखवले गेले. अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सणाचा गुंडाळलेला गोड पाव, कापली होती, मधाची दारू होती. भिंतीवर ॲपचे मुखपृष्ठ काळोखे होऊन झळकले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय देखणं दिसतंय!" "शहरातल्या बँकेसारखं!" एकानेही सूचनेचे कार्ड उघडून पाहिले नाही. उघडणार कुठून? डिसेंबरात फवारणी नसते, म्हणून सूचना नव्हती. ज्या एका कामासाठी हे ॲप जन्मले ते काम सोडून बाकी सगळे तपासून झाले होते. मी आत उभा होतो, काळ्या जमिनीवर काळा, आणि बाहेर टाळ्या चालल्या होत्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात आणि अजून माझे डोके तापते.

वसंत आला. सफरचंदाच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या, पण झाडांखालच्या गवतात पिवळी फुले दाट फुलली होती आणि माश्या त्यांवर तुटून पडत होत्या. त्सिरिलने दुपारी त्या वर्षीची पहिली सूचना टाकली: उद्या पहाटेपासून वरच्या बागेत फवारणी. पेट्यांची दारे दुपारपर्यंत बंद ठेवावीत.

रोझालिया मावशीने ती दुपारीच वाचली. मी ठसठशीत होतो.

सूर्य डोंगराआड गेल्यावर ती पेटीघराकडे आली. दारे लावण्याआधी, पुन्हा उघडायची कधी हे पक्के करावे म्हणून तिने खिशातून फोन काढला आणि तेच कार्ड उघडले. वर त्सिरिलचे नाव होते; ते गोळा केलेल्या रंगांपैकी एकात होते, म्हणून छान दिसत होते. खाली काही नव्हते. कोरे.

तिने मान वर करून झाडांकडे पाहिले. वारा सुटला होता. वाऱ्यात कोणी फवारत नाही. सगळे जुळले.

"ऐकलंत का ग पोरींनो?" ती पेट्यांशी बोलली, त्या गावात सगळेच माश्यांशी बोलतात. "त्सिरिलनं कागद उलटा केला. वारा सुटलाय ना. झोपा आता, आणि उद्या खुशाल जा. फूल भरपूर आहे."

आणि ती दारे उघडी ठेवून घरी गेली.

मित्रांनो, मी तिथे होतो. एकही अक्षर जागेवरून हलले नव्हते. "बंद ठेवावीत" हे शब्द तिच्या तळहातावर होते, तिच्या अंगठ्याखाली होते. मी ओरडू शकत नाही. रंगाला एकच भाषा येते, मागच्यापासून वेगळे दिसण्याची. आणि ती माझ्याकडून काढून घेतली होती. विझलेल्या दिव्यांत विझलेला दिवा कोणाला दिसणार?

पहाटे वारा पडला. त्सिरिलने ठरल्याप्रमाणे फवारणी केली.

दुपारी पेट्यांसमोरचे गवत माश्यांनी काळे झाले होते. काही अजून गोल गोल फिरत होत्या. रोझालिया मावशी त्या गवतात बसली, मग उठली आणि तशीच चढण चढून त्सिरिलच्या अंगणात गेली. तो ट्रॅक्टर धूत होता.

"माझ्या माश्या वारल्या, त्सिरिल." त्या लोकांत गाय मरते, कुत्रा मरतो, माशी मात्र माणसासारखी वारते.

त्सिरिलच्या हातातली नळी खाली पडली. "काय म्हणतेस? मी कळवलं होतं!"

"कळवलंस आणि रद्द केलंस."

"मी? रद्द? केव्हा?"

"संध्याकाळी. कोरं होतं."

"कोरं कसं असेल, मावशी? हे बघ." त्याने फोन पुढे केला. त्याच्या फोनात डार्क मोड चालूच नव्हता. त्याला मी सकाळ-संध्याकाळ सारखाच दिसायचो. "नाही पटत? मग तुझा उघड."

तिने उघडला. वर लख्ख दुपार होती, जमीन पांढरी होती, आणि मी तिथे होतो. प्रत्येक अक्षर, प्रत्येक पूर्णविराम. जन्मभर ठसठशीत दिसण्याचा मला अभिमान होता. त्या क्षणी मला वाटले की मी दिसू नये. तिने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू तिनेच आपल्या हाताने औषध ओतले.

"काल कोरं होतं," ती म्हणाली, पण आता हळू.

बातमी गावात पसरली. बाकीच्या मधपाळांनी सूचना दुपारीच वाचून संध्याकाळी दारे लावली होती, कार्ड पुन्हा उघडून पाहिले नव्हते. लोक वाईट नव्हते. पण वाईट नसलेल्या लोकांच्या जिभाही काही कमी नसतात. "चष्म्याचा नंबर वाढला असेल." "वय झालं की मन हवं ते वाचतं." "हवं ते नाही, इथं तर काहीच वाचलं नाही!" असे म्हणून एकजण हसला. आणि अल्बिननी जाहीर केले की पेटीघर मंडळाचे आहे, माश्यांच्या उरलेल्या वसाहतींची जबाबदारी आहे, तेव्हा रविवारी सभा होईल आणि मावशीने किल्ली मंडळाच्या स्वाधीन करावी.

रविवारी दिवसभराची कामे उरकून लोक लिंडनच्या झाडाखाली जमले. त्याशाही ल्युब्ल्यानाहून आली होती. तिचे ॲप पुरावा होते. टेबलावर मधाच्या दारूची बाटली, पेले आणि मधोमध पेटीघराची किल्ली. रोझालिया मावशीने ती आल्या आल्या ठेवून दिली होती.

अल्बिन फोन घेऊन उभे राहिले. "मी सूचना वाचून दाखवतो, म्हणजे वाद नको. 'उद्या पहाटेपासून वरच्या बागेत...'"

"वाचू नका हो," त्सिरिल मधेच म्हणाला. "तिला आणखी कशाला टोचता? तिचं नुकसान झालंय."

"नियमानं होऊ दे, त्सिरिल."

"नियमानं माश्या परत येणार आहेत का?"

दोघांची जुंपली. अल्बिननी फोन टेबलावर ठेवला, पेला उचलला, एक घोट घेतला. न वापरलेला पडदा विझला. फोन हातात चालू असताना पोशाख बदलत नाही. तो असा विझल्याची वाट पाहतो. तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला होता. अल्बिननी पेला खाली ठेवला, फोन उचलून पुन्हा उघडला, घसा साफ केला आणि थांबले.

"वाचा ना," रोझालिया मावशी म्हणाली.

"थांब जरा."

"थांबायचं काय? तुम्हाला तर दिसतं."

त्यांनी काच बाहीने पुसली. फोन तिरका धरला, सरळ धरला.

"काय लिहिलंय, अल्बिन?"

"काही नाही. म्हणजे... कोरं आहे."

आजूबाजूला सगळ्यांचे हात खिशांत गेले. सगळ्यांची कार्डे कोरी होती. फक्त त्सिरिल आपल्या उजळ पडद्याकडे आणि शेजाऱ्याच्या काळोख्या पडद्याकडे आळीपाळीने पाहत राहिला.

रोझालिया मावशी उठून उभी राहिली. "कोऱ्याचा अर्थ आपल्या गावात काय होतो, तेवढं सांगा सगळ्यांना. तुम्ही अध्यक्ष आहात."

अल्बिननी फोन खाली केला. "रद्द," ते म्हणाले.

त्याशाने त्यांच्या हातातून फोन घेतला होता. कोऱ्या जागेवर बोट दाबून तिने ते खालपर्यंत ओढले, तशी जमीन निळी होत गेली आणि निळ्यावर मी दिसू लागलो, ओळीमागून ओळ. "अक्षरं आहेत," ती म्हणाली. "सगळी आहेत. काळ्यावर काळी."

"म्हणजे त्या मेल्या काळ्या रंगानं घात केला!" अल्बिन म्हणाले, आणि लोकांनी माना हलवल्या. केवढी सुटका झाली त्यांची! म्हातारी खोटी नाही, अध्यक्ष खोटे नाहीत, टाळ्या वाजवणारे खोटे नाहीत. काळा रंग वाईट. यालाच चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. अहो, मला जिथे उभे केले तिथे मी उभा होतो! जमीन माझ्या पायाखालून तुम्ही बदललीत. बदलताना मला विचारले नाहीत, बदलल्यावर मला पाहिले नाहीत. सणाच्या दिवशी माशीच्या चित्राला किनार लावलीत आणि खऱ्या माशीच्या जिवाची ओळ विसरलात.

एवढे खरे की त्याशा त्या माना हलवणाऱ्यांत सामील झाली नाही. "रंगानं नाही, काका," ती म्हणाली. "मी. मीच तो तिथं ठोकला आणि मीच विसरले." आणि ती रडायला लागली.

"हो, तूच," रोझालिया मावशी म्हणाली. तिने त्याशाला जवळ घेतले नाही. टेबलावरची किल्ली उचलली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "रडून झालं की उद्या संध्याकाळी ये."

"मावशी, दुरुस्ती तिकडूनच होते. मी दुपारपर्यंत करून पाठवते, सगळ्यांच्या फोनवर आपोआप..."

"दुपारची दुरुस्ती मला नको. दुपारी तर काहीच बिघडलं नव्हतं. संध्याकाळी ये आणि इथं उभी राहून मला वाचून दाखव."

त्याशा आली. त्याआधी तिने माझी सहा शून्ये त्या ओळीतून काढून टाकली. नुसता पांढरा ठोकून ती मोकळी झाली नाही, हे मी तिच्या खाती जमा करतो. तसे केले असते तर दिवसा पांढऱ्यावर पांढरे झाले असते आणि कोणाच्या तरी माश्या सकाळी गेल्या असत्या. तिने त्या जागी रंगाचे नाव लिहिलेच नाही, कामाचे नाव लिहिले: सूचनेचे अक्षर. त्या अक्षराची जमीन त्याच्याशी बांधून टाकली, म्हणजे एक बदलले की दुसऱ्याला बदलावेच लागेल. दिवसा त्या कामावर मी असतो. सूर्य मावळला की मी उतरतो आणि एक फिकट राखाडी माझ्या जागी उभा राहतो. आमची कधी भेट होत नाही. आणि आता रद्द झालेली सूचना कोरी होत नाही. तिच्यावर रद्द असे शब्दांत लिहिले जाते.

त्या संध्याकाळी पेटीघरासमोर उभी राहून त्याशाने मोठ्याने वाचले, "उद्या पहाटेपासून खालच्या बागेत फवारणी. पेट्यांची दारे दुपारपर्यंत बंद ठेवावीत." रोझालिया मावशीने तिच्या खांद्यावरून डोकावून स्वतः वाचले. मग ती एकेका पेटीपाशी गेली. निळ्या फळीमागचे दार लावले, पांढऱ्या फळीमागचे लावले. पिवळ्या फळीपाशी मात्र ती नुसती उभी राहिली. त्या पेटीचे दार लावायची आता गरज नव्हती.

त्याशा अजूनही दर वसंतात पहिल्या सूचनेला येते आणि मावळतीनंतर वाचून दाखवते. मावशी तिला चहा देते. माफ केले का, ते मला ठाऊक नाही. मी केलेले नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. दुपारी केलेले काम एकदा मावळतीनंतर उघडून बघत जा. आणि कोणी म्हणाले की इथे काही लिहिलेले नव्हते, तर तिच्या चष्म्याकडे बोट दाखवण्याआधी ती जिथे उभी होती तिथे जा, ती गेली होती त्याच वेळी जा, आणि तिच्या हातातला पडदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तोवर मी गप्प बसणार नाही. मला दुसरे काही येत नाही. पण जिथे जमीन पांढरी असेल तिथे मी स्पष्ट बोलतो.